आगपेटीवरचे नाव : टिंडरस्टिक्सची तीन दशके

१/ १४ ऑगस्ट १९९५. ब्रिटनमध्ये त्या दिवशी दोन बँडची दोन गाणी एकाच वेळी बाजारात आली. एक होते ब्लरचे, दुसरे ओअ‍ॅसिसचे. वृत्तपत्रांनी या योगायोगाला युद्धाचे स्वरूप दिले. लंडन विरुद्ध मँचेस्टर, मध्यमवर्ग विरुद्ध कामगारवर्ग अशी त्याची मांडणी झाली. आठवडा संपला तेव्हा ब्लरच्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या होत्या आणि ओअ‍ॅसिसच्या सुमारे २,१६,०००. नव्वदच्या दशकातील इंग्लिश संगीताचा इतिहास आजही बहुधा याच प्रसंगापासून सांगायला सुरुवात होते.

२/ हा थ्रेड त्या युद्धाचा नाही. त्याच वर्षी, चार महिने आधी, एप्रिलमध्ये सहा जणांच्या एका बँडचा दुसरा अल्बम प्रसिद्ध झाला होता. त्याला शीर्षकच नव्हते, मुखपृष्ठावर केवळ बँडचे नाव होते : टिंडरस्टिक्स. ब्रिटनच्या विक्री-यादीत या बँडचा एकही अल्बम कधी पहिल्या दहांत पोहोचला नाही. तरीही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा नवा अल्बम आला. ओअ‍ॅसिस मात्र २००९ मध्ये फुटला आणि पुन्हा एकत्र यायला त्याला २०२५ साल उजाडले.

३/ तेव्हा मित्रहो, प्रश्न असा आहे : ज्यांना कधी मोठे यश मिळाले नाही, ते तीस वर्षांहून अधिक काळ टिकले कसे? आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे या टिकण्याची किंमत कोणी मोजली? उत्तर शोधण्यासाठी नॉटिंगहॅमपासून सुरुवात करावी लागेल.

४/ नॉटिंगहॅम हे मध्य इंग्लंडमधील कारखान्यांचे शहर. लेस, सिगारेट आणि सायकल ही त्याची ओळख. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘रॅले’ सायकल ठाऊक असेल. ती मूळची इथली. ॲलन सिलिटो हा लेखक त्याच रॅले कारखान्यात काम करून पुढे आला आणि १९५८ मध्ये त्याने तिथल्या कामगाराच्या शनिवार-रविवारची कादंबरी लिहिली. डी. एच. लॉरेन्सचे ईस्टवुड हे खाणकामगारांचे गाव जवळच. साध्या माणसांची स्वयंपाकघरे, भांडणे आणि प्रेमप्रकरणे हा साहित्याचा विषय होऊ शकतो, हे या परिसराला नवे नव्हते.

५/ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस याच शहरात ‘ॲस्फाल्ट रिबन्स’ नावाचा एक बँड होता. गायक स्ट्युअर्ट स्टेपल्स, ऑर्गन वाजवणारा डेव्हिड बोल्टर आणि व्हायोलिनवादक डिकन हिंचलिफ हे तिघे त्यात होते. थोड्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, नाव फारसे झाले नाही. १९९१ च्या सुमारास त्या बँडचे रूप पालटले. नील फ्रेझर गिटारवर, मार्क कोलविल बेसवर आणि अल मॅकॉले ड्रम्सवर अशी सहा जणांची मंडळी जमली.

६/ नव्या बँडला नाव मिळाले ते एका काडेपेटीवरून. ग्रीसच्या समुद्रकिनाऱ्यावर स्टेपल्सला जर्मन बनावटीची एक काडेपेटी सापडली, तिच्यावर हा शब्द होता. किनाऱ्यावर पडलेल्या, कोणीतरी वापरून टाकलेल्या वस्तूवरून नाव घ्यावे, यात या मंडळींची वृत्ती दिसते. त्या काळी नावे ठेवली जात ती पोस्टरवर उठून दिसावीत म्हणून. हे नाव खिशात मावण्याजोगे होते.

७/ इथे एक संज्ञा समजून घेऊ. टिंडरस्टिक्सच्या संगीताला ‘चेंबर पॉप’ म्हणतात. युरोपीय अभिजात संगीतात ‘चेंबर म्युझिक’ म्हणजे दिवाणखान्यात मावेल असे, मोजक्या वादकांनी वाजवलेले संगीत. भव्य सभागृहातील सिंफनीच्या उलट टोकाचे. आपल्याकडील शब्द वापरायचा तर ही घरची बैठक. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात अंतर कमी, म्हणून उसासाही ऐकू जातो आणि चूकही.

८/ पॉप गाण्यात अशी तंतुवाद्ये नवी नव्हती. १९६५ मध्ये बीटल्सने ‘यस्टरडे’साठी चार तंतुवादक घेतले, पुढच्या वर्षी ‘एलिनॉर रिग्बी’साठी आठ. त्याच दशकात बीच बॉईजचा ‘पेट साउंड्स’ आला, स्कॉट वॉकरचे एकल अल्बम आले, ली हेझलवूड आणि नॅन्सी सिनात्रा यांची युगुलगीते आली. सत्तरीत पंक आले आणि हा सारा थाट जुनाट ठरला. व्हायोलिन म्हणजे खोटा दिमाख, तीन सुरांचे गिटार म्हणजे प्रामाणिकपणा, अशी एक समजूत रूढ झाली.

९/ टिंडरस्टिक्सचे पहिले वैशिष्ट्य हे की त्यांनी ही समजूत उलटवली. हिंचलिफचे व्हायोलिन गाणे सजवण्यासाठी येत नाही, ते गाण्याला खरवडते. बोल्टरचा ऑर्गन रिकाम्या हॉटेलात वाजत असल्यासारखा वाटतो. आणि या साऱ्याच्या तळाशी स्टेपल्सचा खर्जातील, शब्द पुटपुटणारा आवाज. तो श्रोत्याला उद्देशून गात नाही. तो स्वतःशीच बोलत असतो आणि आपण दाराआडून ऐकत असतो.

१०/ सुरुवातीपासून एक व्यवहारी निर्णयही त्यांनी घेतला. कंपनीची वाट न पाहता ‘टिपी टो’ नावाचे स्वतःचे लेबल काढले आणि १९९२ मध्ये ‘पॅचवर्क’ ही पहिली एकेरी ध्वनिमुद्रिका त्यावरच प्रसिद्ध केली. हे लेबल लहानसे होते. परंतु आपले काम आपल्या हातात ठेवण्याची सवय तिथे लागली आणि पुढे पंधरा वर्षांनी तीच सवय बँडला वाचवणार होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येऊ.

११/ ऑक्टोबर १९९३ मध्ये ‘धिस वे अप’ या लेबलवर पहिला अल्बम आला. वीसहून अधिक गाणी, सव्वा तासाहून अधिक कालावधी. पदार्पणात कोणी एवढा पसारा मांडत नाही. पहिला अल्बम आटोपशीर असावा, त्यात दोन-तीन गाणी रेडिओला धार्जिणी असावीत, असा शहाणपणाचा सल्ला असतो. इथे मात्र अर्धवट वाटणारे तुकडे, कुजबुज, दीर्घ कथने असे सारे एकत्र होते. ध्वनिमुद्रणात त्यांचा सहकारी होता इयन केपल.

१२/ त्या वर्षाअखेर ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाने याच अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवले. १९२६ पासून निघणारे हे नियतकालिक ब्रिटिश संगीत पत्रकारितेतील वजनदार नाव होते. रातोरात बँडकडे लक्ष गेले. पण समीक्षकांनी उचलून धरणे आणि लोकांनी विकत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातील दरी टिंडरस्टिक्सला कायम ओलांडता आली नाही.

१३/ १९९५ चा दुसरा अल्बम अधिक समृद्ध होता. त्यात एक रचना आहे ‘माय सिस्टर’. त्यात गाणे नाही. एका बहिणीच्या दुर्दैवी आयुष्याची गोष्ट स्टेपल्स सांगतो आणि मागे संगीत चालू राहते. ‘ट्रॅव्हलिंग लाइट’मध्ये अमेरिकी गायिका कार्ला टॉर्गर्सन त्याच्याशी वाद घालते. पुरुष म्हणतो एक, स्त्री त्यातील खोट दाखवते. ब्रिटपॉपचे गाणे तेव्हा रस्त्यावर, पबमध्ये, मैदानात समूहाने गायले जात होते. हे गाणे बंद खोलीत दोघांमध्ये घडत होते.

१४/ त्याच मार्चमध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी थिएटरात त्यांनी वाद्यवृंदासह कार्यक्रम केला. १२ मार्च १९९५ ही तारीखच पुढे त्या ध्वनिमुद्रणाचे शीर्षक ठरली. आता हिशोब पाहा. सहा जण बँडचे, त्यात तंतुवादक, त्यात ब्रास. प्रत्येकाचे मानधन, तालमी, प्रवास, राहणे. ‘चेंबर’ म्हणजे लहान खोली खरी, परंतु पॉपच्या अर्थकारणात ही लहान खोली चार जणांच्या रॉक बँडच्या मैदानापेक्षा महाग पडते. या विरोधाभासाने बँडचा पुढचा सगळा प्रवास व्यापला आहे.

१५/ याच सुमारास पॅरिसमध्ये एक भेट घडली. चित्रपट दिग्दर्शिका क्लेर देनी त्यांच्या कार्यक्रमाला आल्या होत्या. देनी यांचे बालपण फ्रेंच वसाहतींच्या आफ्रिकेत गेले, वडील प्रशासनात होते, आणि १९८८ मध्ये ‘शोकोला’ या चित्रपटाने त्यांचे नाव झाले होते. नव्या चित्रपटात ‘माय सिस्टर’ वापरता येईल का, अशी त्यांची विचारणा होती. बोलता बोलता प्रकरण पुढे गेले आणि बँडने संपूर्ण चित्रपटाचेच संगीत केले.

१६/ तो चित्रपट ‘नेनेत ए बोनी’, साल १९९६. मार्सेमधील एका विस्कटलेल्या घरातील भाऊ-बहिणीची कथा. त्याला लोकार्नो महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण बिबट्या, मिळाला. टिंडरस्टिक्ससाठी मात्र त्याचे महत्त्व पुरस्काराहून मोठे होते. गीतकाराला इथे शब्द नव्हते, गायकाला गाणे नव्हते. प्रतिमा बोलत असताना आपण किती गप्प राहायचे, हे शिकायचे होते.

१७/ तिकडे मुख्य प्रवाहात गोष्टी अवघड होत होत्या. १९९७ चा ‘कर्टन्स’ हा तिसरा अल्बम तंतुवाद्यांनी गच्च भरलेला होता. त्याच वर्षी इसाबेला रोसेलिनी या अभिनेत्रीसोबत ‘अ मॅरेज मेड इन हेवन’ हे युगुलगीतही त्यांनी नव्याने ध्वनिमुद्रित केले. काम देखणे होते, पण आपली शैली आपल्याच अंगावर जड होऊ लागल्याची जाणीव त्यात आहे. कलेच्या इतिहासात हा टप्पा वारंवार दिसतो. ज्या गोष्टीने ओळख दिली, तीच पुढे पिंजरा होते.

१८/ १९९९ मध्ये त्यांनी दिशा बदलली. अल्बमचे नावच ‘सिंपल प्लेझर’. तंतुवाद्ये मागे सरली, अमेरिकी सोल संगीताचा मोकळा ठेका पुढे आला, साथीला स्त्रीस्वर आले. ओडिसी या अमेरिकी गटाचे १९८० चे एक गाणेही त्यांनी आपल्या ढंगात गायले. २००१ चा ‘कॅन अवर लव्ह…’ याच वाटेवरचा. निराशेचे गायक म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता, त्यांनी सांगितले की आम्हाला ऊबही हवी आहे.

१९/ याच १९९९ सालात अमेरिकेतील ‘सोप्रानोज’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या मोसमात त्यांचे ‘टायनी टियर्स’ हे गाणे वापरले गेले. टोनी सोप्रानो नैराश्याच्या गर्तेत असताना ते वाजते. जगभरातील असंख्य लोकांनी या बँडचा आवाज प्रथम तिथेच ऐकला असेल. गाणे तेव्हा चार वर्षे जुने होते. विक्री-यादीच्या दृष्टीने मृत, प्रत्यक्षात जिवंत.

२०/ इथे इतिहासाच्या साधनांविषयी दोन शब्द. विक्री-यादी हे उत्तम साधन आहे, पण ती काय मोजते हे पाहिले पाहिजे. एका आठवड्यात किती प्रती विकल्या गेल्या, एवढेच ती सांगते. विकत घेतलेली प्रत किती वेळा ऐकली गेली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली, वीस वर्षांनी कोणाला आठवली, हे तिच्या रकान्यात नसते. केवळ लढाया आणि राज्यारोहणे मोजणाऱ्या इतिहासातून शेतकरी जसा निसटतो, तसे यादी मोजणाऱ्या इतिहासातून टिंडरस्टिक्स निसटतात.

२१/ २००० च्या डिसेंबरमध्ये ‘मेलडी मेकर’ बंद झाले, प्रतिस्पर्धी ‘एनएमई’मध्ये विलीन झाले. पुढे २०१८ मध्ये एनएमईचीही साप्ताहिक छापील आवृत्ती थांबली. ज्या सिंहासनाने मुकुट दिला, ते सिंहासनच उरले नाही. १९९९ मध्ये नॅप्स्टर आले आणि ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीला ओहोटी लागली. मोठ्या कंपन्या, मोठी आगाऊ रक्कम, महागडे स्टुडिओ हा नव्वदचा सारा डोलारा ढासळू लागला.

२२/ बँडच्या आतही ताण होता. २००३ मध्ये ‘वेटिंग फॉर द मून’ हा अल्बम आला आणि त्यानंतर शांतता पसरली. स्टेपल्सने दोन एकल अल्बम केले. हिंचलिफची ओढ चित्रपटांकडे होती. देनी यांच्या २००२ च्या ‘व्हान्द्रदी स्वार’चे संगीत त्याने एकट्याने केले होते, तर २००४ च्या ‘लँत्रू’चे स्टेपल्सने. एकाच घरातील दोन चुली वेगळ्या पेटू लागल्याची ही खूण होती.

२३/ सप्टेंबर २००६. लंडनचे बार्बिकन सभागृह. मूळ सहा जणांनी तंतुवाद्ये आणि ब्रास यांच्या साथीने दुसरा अल्बम, तो १९९५ चा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. प्रेक्षकांसाठी तो उत्सव होता. बँडसाठी तो निरोप ठरला. त्यानंतर हिंचलिफ, कोलविल आणि मॅकॉले बाहेर पडले. सहातले तीन. पंधरा वर्षांची सोबत संपली, आणि संपण्यापूर्वी त्यांनी आपले सर्वांत सुंदर काम एकदा अखेरचे मिळून वाजवले.

२४/ बँड फुटला की कोणाची बाजू खरी, असा प्रश्न आपण लगेच विचारतो. इथे त्याची गरज नाही. हिंचलिफ पुढे ‘विंटर्स बोन’ (२०१०) आणि ‘लॉक’ (२०१३) यांसारख्या चित्रपटांचा संगीतकार म्हणून नावारूपाला आला. म्हणजे तो संगीतापासून दूर गेला नव्हता, या एका घरापासून दूर गेला होता. परंतु नुकसान झाले हे मान्य केले पाहिजे. त्याच्या व्हायोलिनची ती खरवड टिंडरस्टिक्सला परत कधी मिळाली नाही. टिकण्याची पहिली किंमत ही.

२५/ उरले स्टेपल्स, बोल्टर आणि फ्रेझर. इथे टिपी टोची ती जुनी सवय कामी आली. स्टेपल्सने फ्रान्सच्या लिमुझँ या ग्रामीण प्रदेशात बिऱ्हाड हलवले होते. तिथे त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि त्याला ‘ल शियाँ शाँसो’, म्हणजे नशीबवान कुत्रा, असे नाव दिले. स्टुडिओ स्वतःचा असल्यावर तासाचे भाडे नाही. भाडे नसले की घाई नाही. घाई नसली की कोणाला विचारावे लागत नाही.

२६/ २००८ मध्ये तिथून ‘द हंग्री सॉ’ आला, २०१० मध्ये ‘फॉलिंग डाउन अ माउंटन’. बेसवर डॅन मॅकिना आला, ड्रम्सवर अमेरिकी वादक अर्ल हार्विन स्थिरावला. या नव्या संचाचा आवाज मोकळा, अधिक तालप्रधान आहे. अर्धे सदस्य बदलले तर बँड तोच राहतो का? तत्त्वज्ञांना हा प्रश्न जहाजाच्या फळ्यांवरून पडला होता. इथे उत्तर कामातून मिळते. यापुढचे सदस्य या घरात पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिले, म्हणजे मूळ संचापेक्षाही जास्त. मग ‘मूळ’ कोण?

२७/ याच काळात देनी यांच्यासोबतचे काम बहरले. ‘३५ रम्स’ (२००८), ‘व्हाइट मटीरियल’ (२००९), ‘ले सालो’ (२०१३). २०११ मध्ये १९९६ ते २००९ या काळातील सहा चित्रपटांचे संगीत एका संचात प्रसिद्ध झाले. पडद्यावर चित्रपटातील दृश्ये आणि समोर बँड, असे कार्यक्रमही त्यांनी केले. २०१८ च्या ‘हाय लाइफ’साठी स्टेपल्सने संगीत दिले, २०२२ मध्ये देनी यांच्या दोन्ही चित्रपटांना पुन्हा बँडचे संगीत होते. पाव शतकाहून अधिक काळ टिकलेली अशी दिग्दर्शक-बँड जोडी चित्रपटाच्या इतिहासात विरळा.

२८/ इतिहासप्रेमींना आवडेल असे एक काम आवर्जून सांगतो. बेल्जियममधील ईप्र हे शहर पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले. तिथल्या पुनर्निर्मित क्लॉथ हॉलमध्ये ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ हे संग्रहालय आहे. २०१२ मध्ये त्याचे नवे कायमस्वरूपी दालन उघडले, त्यासाठी टिंडरस्टिक्सने संगीत केले. ते २०१४ मध्ये ‘ईप्र’ या नावाने प्रसिद्धही झाले. त्यात ना शौर्याचे कर्णे, ना रडवणारी चाल. लांबत जाणारे तंतुवाद्यांचे संथ स्वर, जणू धुके. याच शहराच्या मेनिन गेटवर अविभाजित भारतातून आलेल्या, कबर न लाभलेल्या सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत.

२९/ आणि एक आवाज. ल्हासा दे सेला ही मेक्सिकन-अमेरिकी वंशाची, माँट्रियलमध्ये स्थिरावलेली गायिका. २००३ आणि २००६ मध्ये तिने स्टेपल्ससोबत युगुलगीते गायली होती. १ जानेवारी २०१० रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने ती गेली. ‘हे लुसिंडा’ हे तिचे आणखी एक ध्वनिमुद्रण मागे राहिले होते. ते २०१६ च्या ‘द वेटिंग रूम’मध्ये प्रसिद्ध झाले. गाण्यात पुरुष तिला बाहेर फिरायला चल म्हणून विनवतो आणि ती टाळत राहते. ती हयात असताना हे गाणे लाडीगोडीचे वाटले असते. सहा वर्षांनंतर तसे ऐकता येत नाही. काळाने शब्द न बदलता अर्थ बदलला.

३०/ २०१३ मध्ये त्यांनी आणखी एक धाडस केले. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जाऊन स्वतःचीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. अल्बमचे नाव ‘अक्रॉस सिक्स लीप इयर्स’. १९९२ ते २०१२ या काळात लीप वर्षे मोजा, बरोबर सहा भरतात. विशीतील माणसाने लिहिलेले प्रेमभंगाचे गाणे पन्नाशीकडे झुकलेला तोच माणूस गातो, तेव्हा ते तक्रार राहत नाही. ती आठवण होते.

३१/ २०१९ चा ‘नो ट्रेझर बट होप’ पॅरिसमध्ये आठवड्याभराच्या आत, एकत्र बसून वाजवत ध्वनिमुद्रित झाला. २०२१ चा ‘डिस्ट्रॅक्शन्स’ त्याच्या अगदी उलट. महासाथीच्या टाळेबंदीत, अंतरावर राहून, यंत्रांच्या ठेक्यावर रचलेला. त्याचे पहिलेच गाणे अकरा मिनिटांचे आहे. तीस वर्षांच्या बँडने या वयात पुन्हा प्रयोग करावा, हे नवलाचे. मग २०२४ मध्ये ‘सॉफ्ट टिश्यू’ आला. त्यात सोलची ऊब आणि अस्वस्थता दोन्ही शेजारी बसलेल्या आहेत.

३२/ आता पहिल्या प्रश्नाकडे. टिकले कसे? तीन कारणे दिसतात. एक, उत्पादनाची साधने स्वतःच्या हाती ठेवली : आधी लेबल, मग स्टुडिओ. दोन, उपजीविकेचा आणि कल्पनेचा दुसरा झरा शोधला, तो म्हणजे चित्रपट. तीन, ज्या देशाने त्यांना आपल्या कथेत जागा दिली नाही, त्या देशापुरते ते थांबले नाहीत. फ्रान्स, बेल्जियम आणि उर्वरित युरोप यांनी त्यांना जे श्रोते दिले, त्यांच्यावर त्यांचे घर चालले.

३३/ आणि किंमत? तीन जुने सोबती गेले. मोठी सभागृहे, मोठा वाद्यवृंद यांचे स्वप्न वारंवार आवरावे लागले. मायदेशाच्या इतिहासात त्यांना मुख्य मजकुरात नव्हे, तळटीपेत जागा मिळाली. हे सारे दुःख नाही असे म्हणणे खोटे ठरेल. चिकाटीच्या गोष्टी सांगताना आपण तिच्या नावावर जमा रक्कम मोजतो आणि खर्चाची बाजू कोरी ठेवतो. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही बाजू भराव्यात.

३४/ म्हणून एखाद्या दशकाचा इतिहास वाचताना एक सवय लावून घ्या. त्या काळात सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता हे जरूर पाहा. मग विचारा, त्याच वेळी हळू आवाजात कोण बोलत होते, आणि आज कोण अजून बोलते आहे? १९९५ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशाचे लक्ष दोन मशालींकडे होते. काडेपेटीचे नाव घेतलेली मंडळी तेव्हा शेजारच्या खोलीत बसली होती.

३५/ ऐकायची सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर आधी १९९५ चा दुसरा अल्बम, मग ‘नेनेत ए बोनी’चे संगीत, मग ‘द वेटिंग रूम’, शेवटी ‘सॉफ्ट टिश्यू’. शक्यतो रात्री, आवाज कमी ठेवून. पहिल्या ऐकण्यात फार काही हाती लागले नाही तर निराश होऊ नका. हे संगीत दुसऱ्यांदा ऐकणाऱ्यासाठी आहे. थ्रेड समाप्त. तुम्हाला ठाऊक असलेला असा एखादा तळटीपेतला बँड, नाटक मंडळी किंवा गायक असेल, तर खाली जरूर लिहा.